कामाआधी फी मागणारा काम देत नाही

गरिबाच्या घरात पैसा नसतो, हे ठगाला पक्के ठाऊक असते. तरी तो गरिबाच्याच दारात येतो. कारण पैसा नसला तरी त्या घरात कामाची आस असते. मुलाला काम लागते आहे म्हटले की आई बचत गटातून कर्ज काढते, बाप मुकादमाकडून उचल घेतो, बहीण पायातले पैंजण काढून देते. हजार-दोन हजार कसेबसे उभे राहतातच. ठगाचा डोळा असतो तो याच आशेवर.

आज आम्ही ज्या फसवणुकीबद्दल लिहीत आहोत, तिचे नाव चार माणसांत घ्यायलाही जड जाते. एस्कॉर्ट एजन्सी, प्लेबॉय जॉब, फ्रेंडशिप क्लब अशा नावांनी ती चालते. श्रीमंत बायकांना सोबत करायची, त्यांचे मन रमवायचे आणि एका भेटीचे दहा-पंधरा हजार रुपये घ्यायचे, असे आमिष तरुण मुलांना दाखवले जाते. मुलींनाही दाखवले जाते, पण वेगळ्या शब्दांत. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे असे की, पैसे घरातूनच जातात, धमकीचे फोन घरातच येतात आणि मुलगा घरातच तोंड लपवून बसतो. मग बोलणे तेवढे घराबाहेर का ठेवायचे?

आम्ही म्हणजे वस्तीतली चार वयस्कर माणसे. एक जण रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, एकांनी गिरणीत साचे चालवलेले, एक महापालिकेच्या सफाई खात्यात होते, आणि आमच्या ताई अंगणवाडी सेविका होत्या. दर रविवारी सकाळी आम्ही वस्तीच्या वाचनालयात बसतो. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पेन्शन, रेशनकार्ड, ज्याचा जो अर्ज असेल तो भरून देतो. अर्ज भरता भरता माणसे मनातले बोलतात. त्या बोलण्यातून हे प्रकार आमच्या कानी आले.

सतरा हजारांची कथा

वस्तीतला एक मुलगा. वय चोवीस, आयटीआयचा फिटर. एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपले आणि तो तीन महिने घरी बसला. एके रात्री मोबाईलवर जाहिरात दिसली. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची अट नाही, रोज दहा ते पंचवीस हजार कमवा. खाली व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. त्याने नुसता ‘हाय’ लिहून पाठवला. पाच मिनिटांत एका बाईचा फोन आला. अदबीने, गोड हिंदीत बोलणारी. तिने वय विचारले, उंची विचारली, फोटो मागवला आणि सांगितले, “सर, आपका प्रोफाइल सिलेक्ट हो गया है.” तीन महिने दारोदार फिरलेल्या त्या पोराला कुणी ‘सर’ म्हटले नव्हते. त्या एका शब्दावर तो विरघळला.

पहिल्या दिवशी नोंदणी फी ९९९ रुपये. दुसऱ्या दिवशी ओळखपत्र आणि ‘लायसन्स’ यांचे २,५०० रुपये. मोबाईलवर कार्ड आले, त्यावर अशोकस्तंभाचे चित्र आणि शेजारी याचा फोटो. तिसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी आणि विमा म्हणून ४,८०० रुपये, भेट झाल्यावर परत मिळणारे. चौथ्या दिवशी ‘मॅडम’ घरून निघाल्या आहेत, हॉटेलच्या खोलीचे डिपॉझिट ९,२०० रुपये लगेच भरा, रात्री मानधनासकट सगळे परत. असे मिळून १७,४९९ रुपये गेले.

इस्त्रीचा शर्ट घालून तो त्या हॉटेलच्या फाटकाजवळ रात्री साडेदहापर्यंत उभा होता. फोन लागेना. दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, या वेळी पुरुषाचा आवाज. “क्राइम ब्रँचमधून बोलतोय. तू कसला धंदा करतोस ते कळलंय. तुझा फोटो, तुझं आधारकार्ड आमच्याकडे आहे. वीस हजार भर, नाहीतर तुझ्या गावच्या ग्रुपवर टाकतो.”

आम्हांला हे कळले ते त्याच्या आईमुळे. बचत गटाच्या कर्जाला मुदत वाढवून मागणारा अर्ज लिहून घ्यायला ती रविवारी आली होती. “कोर्सची फी भरली म्हणतो, पण कोर्सला जाताना काही दिसत नाही. जेवत नाही. फोन वाजला की दचकतो,” असे ती सांगत होती. ताईंनी मुलाला बोलावून घेतले आणि बाकीच्यांना बाहेर बसवले. ‘असं का केलंस’ हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. “किती गेले, आणि अजून मागताहेत का?” एवढेच विचारले. तेव्हा तो रडला, आणि मग बोलला.

तोवर बारा दिवस उलटले होते. आम्ही तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर गेलो. ज्या खात्यांत पैसे गेले होते ती केव्हाच रिकामी झाली होती. पैसे परत आले नाहीत, आणि आईचा हप्ता अजून चालू आहे. पण एक गोष्ट त्याच दिवशी संपली. ‘घरी सांगतो’ ही धमकी घरी कळल्यावर उरतच नाही. पुढचा फोन आईने घेतला आणि म्हणाली, “टाक, कुठं टाकायचं ते. मला सगळं ठाऊक आहे.” आणखी दोनदा फोन आला, मग बंद झाला.

नाक्यावरचा नियम

नाक्यावर उभे राहणारे आपले भाऊ-बहिणी एक नियम न शिकवता जाणतात. मुकादम कमिशन खातो. कधी जास्तच खातो. पण तो खातो ते मजुरीतून. काम मिळायच्या आधीच ‘खिशातून पाचशे काढा, मग काम देतो’ असे कुणी म्हणाला, तर सगळा नाका त्याला हसेल. याचे कारण साधे आहे. ज्याच्याकडे खरोखर काम आहे, त्याची कमाई त्या कामातून निघते, म्हणून माणूस कामावर जावा अशी त्यालाच घाई असते. ज्याची कमाई फीमधून निघते त्याला काम द्यायची गरजच नसते. त्याला पुढचा गिऱ्हाईक हवा असतो, आणि तो गिऱ्हाईक म्हणजे आपला मुलगा.

जगभरच्या कामगारांच्या बाबतीतही हेच तत्त्व मानले गेले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ साली खाजगी रोजगार संस्थांविषयी १८१ क्रमांकाचा करार केला. त्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे की, अशा संस्थांनी कामगाराकडून फी किंवा खर्च घेऊ नये. त्यात काही अपवादांना वाव आहे आणि सगळ्याच देशांनी हा करार मान्य केलेला नाही. पण न्याय काय, ते त्यातून कळते. आपल्याकडे सरकारी रोजगार केंद्रात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसच्या संकेतस्थळावरही नोंदणी फुकट आहे.

ही ठगी काही नवी नाही. वर्तमानपत्रात नटनट्यांचे चेहरे ओळखा आणि रेडिओ मिळवा, अशा जाहिराती आमच्या तरुणपणी येत. व्हीपीचे पैसे भरून पार्सल सोडवले की आत भलतेच काही निघे. १९८२ च्या गिरणी संपानंतर आखाती देशांत नोकरी देतो म्हणून पैसे गोळा करणारे दलाल चाळीचाळींतून फिरत. कारखाना बंद पडला की दलाल येतो, हे आम्ही तेव्हापासून पाहत आहोत. आता तो जिना चढून येत नाही, मोबाईलमधून येतो. एवढाच फरक.

बिहारमधील नवादा जिल्ह्यातले प्रकरण २०२४ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत गाजले. मूल नसलेल्या बाईला मातृसुख दिल्यास तेरा लाख रुपये मिळतील, असे सांगून पुरुषांची नोंदणी केली जात होती. नोंदणीचे ७९९ रुपये, आणि त्यानंतर अनामत म्हणून पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत. पोलिसांनी आठ जणांना अटक केली. बातमी वाचून लोक हसले. आम्हांला हसू आले नाही. ७९९ रुपये भरणाऱ्यांत पोटापाण्याला लागू पाहणारी साधी माणसे असणार, हे आम्ही ओळखून होतो.

मुलींच्या बाबतीत धोका दुहेरी

मुलींना ‘एस्कॉर्ट’ हा शब्द सहसा सांगत नाहीत. ‘हॉटेलमध्ये होस्टेस पाहिजे’, ‘इव्हेंटसाठी लेडीज स्टाफ’, ‘मॉडेलिंगची संधी’ असे सांगतात. फोटो काढायचे पैसे, ट्रेनिंगचे पैसे, मेकअपचे पैसे मागतात. मुलाच्या बाबतीत फी घेऊन ते पळून जातात. मुलीच्या बाबतीत कधी कधी पळत नाहीत, हा खरा धोका. ‘आता आमचे इतके देणे झाले, ते फेडायचे तर सांगू तिथे जावे लागेल’ अशी गाठ मारतात. शिवाय तिचे फोटो त्यांच्या हातात असतात.

ब्यूटी पार्लरचे काम शिकलेल्या एका मुलीला असाच निरोप आला होता. रोज पाच हजार, नोंदणी १,५०० रुपये, आणि ‘फुल साइज फोटो पाठवा’. मुलगी हुशार. तिने ऑफिसचा पत्ता मागितला आणि मावशीला घेऊन थेट तिथे गेली. पत्त्यावर मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते. दुकानदार म्हणाला, “ताई, तुम्ही या महिन्यातल्या चौथ्या.” ती पैसे न भरता, फोटो न पाठवता परत आली. बसभाड्यात तिचे पुढचे सारे संकट टळले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. पोटासाठी देहविक्रयात असलेल्या बायांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. त्याही कामगार आहेत, आणि दलाल त्यांच्याकडूनही ‘जाहिरातीचे’, ‘ओळखपत्राचे’, ‘पोलिसांचे’ म्हणून आगाऊ पैसे उकळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी पोलिसांना बजावले आहे की, अशा स्त्रियांशी सन्मानाने वागावे. तेव्हा फसवलेली बाई कोणत्याही कामात असो, तिची तक्रार ही तक्रारच आहे.

ओळखावे कसे?

पहिली आणि सगळ्यांत मोठी खूण, काम देण्याआधी पैसे मागणे. नाव काहीही असो. नोंदणी, कार्ड, मेडिकल, विमा, गाडी, खोली, कर. ‘परत मिळतील’ असे सांगितले तर अधिकच सावध व्हावे. परतच द्यायचे तर घेता कशाला? मिळणाऱ्या पैशांतून कापून घ्या, असे म्हणून बघावे. ठग लगेच चिडतो किंवा नवे कारण सांगतो.

दुसरी खूण, सरकारी लायसन्स. अशा कामासाठी सरकार कोणालाही लायसन्स देत नाही. उलट देहविक्रयासाठी माणसे मिळवून देणे हा १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा अशोकस्तंभ छापलेले कार्ड दाखवणारा तिथेच खोटा ठरतो. काही जण ‘उद्यम’ नोंदणीचा कागद दाखवतात. ती नोंदणी स्वतःच माहिती भरून फुकट करता येते, त्यावरून धंदा खरा ठरत नाही.

तिसरी खूण, फीचा जिना. पहिली पायरी मुद्दाम लहान ठेवतात. ९९९ रुपये भरले की ते वाचवण्यासाठी माणूस २,५०० भरतो, ते वाचवण्यासाठी ४,८००. गेलेल्या पैशांच्या मागे नवे पैसे पाठवले की दोन्ही जातात.

चौथी खूण, पैसे कोणाच्या नावावर जातात. कंपनीचे नाव एक, खाते भलत्याच व्यक्तीचे, आणि दर वेळी वेगळे, असे दिसले की थांबावे. आणि पैसे मिळवण्यासाठी मोबाईलवर पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

पाचवी खूण, पत्ता नाही, भेट नाही, फक्त घाई. ‘दहा मिनिटांत भरा, नाहीतर जागा जाईल.’ खरी नोकरी एक रात्र थांबते. त्या रात्री घरात विचारून घ्यावे.

आणि एक सूचना. पैसे नाहीत असे सांगितले तर काही ठग म्हणतात, ‘मग तुझे बँक खाते आम्हांला वापरू दे, कमिशन देतो.’ हे चुकूनही करू नये. दुसऱ्या फसलेल्या माणसाचे पैसे त्या खात्यात येतात, आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात.

लाज ही ठगाची तिजोरी

या धंद्याने हे आमिष मुद्दाम निवडले आहे. शिपायाच्या नोकरीत फसलेला मुलगा चार लोकांना सांगतो, बाप पोलिसांत जातो. पण ‘प्लेबॉय’ होण्यासाठी पैसे भरले, हे कोण कोणाला सांगणार? माणूस गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावर ठग निर्धास्त असतो. पुढे तीच लाज हत्यार करून तो खंडणी मागतो. आपण जितकी लाज धरू तितकी त्याची तिजोरी भरते.

म्हणून आई-वडिलांना आमचे सांगणे आहे. मुलगा असे काही बोलला तर आधी ऐकून घ्या. उपदेश नंतर करता येईल. मुलाने काम शोधले, आणि काम शोधण्यात लाज कसली? कामाच्या नावाने त्याला ज्याने लुटले, लाज त्याची.

फसलो तर काय करावे?

सर्वप्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा. सायबर फसवणुकीसाठी हा देशभरचा सरकारी क्रमांक आहे. त्यावरून कळवले की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला निरोप जातो, आणि पैसे तिथे शिल्लक असतील तर रोखता येतात. इथे तासाला किंमत आहे. पैसे गेल्याचे कळताच फोन केला तर आशा असते, बारा दिवसांनी फारशी उरत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार भरता येते. आपल्या बँकेलाही कळवावे.

संदेश, फोटो, पावत्या काहीच पुसू नये. लाजेपोटी मुले पहिल्यांदा तेच पुसून टाकतात, आणि पुरावा जातो. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

पोलीस ठाण्यात एकट्याने जाऊ नये, सोबत मोठे माणूस न्यावे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी ३१८ वे कलम आहे, खंडणीसाठी ३०८ वे, आणि पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्यासाठी २०४ वे. फसवणुकीची तक्रार देणारा हा फिर्यादी असतो, आरोपी नसतो. हे मुलाला नीट समजावून सांगावे.

धमकी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. एकदा दिले की तो पुन्हा मागतो. आणि ‘तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आमची फी भरा’ असे म्हणणारा कोणी भेटला तर तो पहिल्याचाच भाऊ समजावा.

मुलगा फार खचला असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तिथे मनाच्या त्रासावर फुकट सल्ला मिळतो. सतरा हजार पुन्हा कमावता येतात, मुलगा नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत पुस्तकपेटी असेल, वाचनालय असेल, महिला मंडळ असेल, तिथे एक कागद भिंतीवर लावा. त्यावर ‘कामाआधी फी मागणारा काम देत नाही’ एवढे एकच वाक्य आणि खाली १९३० हा क्रमांक लिहा. आणि आठवड्यातून तासभर कुणीतरी वडीलधारे तिथे बसा. मुलांना कायदा सांगायला वकील पुढे भेटेल. आधी न रागावता ऐकून घेणारे एक माणूस जवळ असावे लागते. ते काम आपण सर्वांनी आपापल्या वस्तीत करावे, अशी आमची विनंती आहे.